कमिशनवाली बाई

बायकोला मी सगळं सांगितलंय, अगदी लग्नाआधीचंसुद्धा. हे मात्र नाही. हे पहिल्यांदा तुम्हीच ऐकताय. आणि सांगतानाही मी सरळ सांगेन याची खात्री नाही. जवळजवळ तीस वर्षं या गोष्टीला वळसा घालून चालतोय, तीच सवय लागलीय.

कोरेगावात आमच्या बँकेची शाखा होती. खासगी, लहानशी बँक. मुख्य कचेरी सांगलीला. मी तिथं कॅशियर होतो. नव्वदीतली गोष्ट. बँक बुडाली ती माझ्यामुळे नाही — हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की आता तोंडात आपोआप येतं. सांगलीच्या संचालकांनी आपल्याच सोयऱ्याधायऱ्यांना कर्जं वाटली, ती परत आली नाहीत. लोक अजून त्यांना शिव्या देतात. मीही देतो, चारचौघांत, इतरांपेक्षा जरा मोठ्यानंच. देताना स्वतःचाच आवाज ऐकू येतो आणि किळस येते.

पण मला सांगायचंय ते शालनबाईंबद्दल.

शालनबाई सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. आमची मुलगी पायाळू. बायको दीड दिवस अडली होती, साताऱ्याला न्यायला गाडी मिळत नव्हती. बाईंनी दोघींना वाचवलं. मी खिशात हात घातला तर म्हणाल्या, ‘‘ऱ्हाऊ द्या दत्ताभाऊ, लेकीला अंगडं शिवा.’’ म्हणजे मी कुणाशी कसा वागलो, ते आधी कळावं म्हणून हे सांगतोय.

त्यांच्या आळीतल्या बायका — भाजी विकणाऱ्या, चार घरची भांडी घासणाऱ्या — बँकेत पाऊल टाकायला बिचकायच्या. त्यांची खाती बाईंनी उघडून दिली, साठलं की मुदतीच्या ठेवी करून दिल्या. पासबुकांचा गठ्ठा घेऊन त्या स्वतः रांगेत उभ्या राहायच्या. यात त्यांना काय मिळत होतं? काही नाही. चहासुद्धा नाही. हे सगळ्यांत चांगलं मला ठाऊक होतं, कारण खिडकीच्या आत मीच बसायचो.

एका शुक्रवारी मॅनेजरसाहेबांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. सांगलीहून रोकड येणं थांबलंय, सोमवारी दार उघडेल की नाही सांगता येत नाही. बाहेर एक शब्द गेला तर नोकरी गेली समजा. आम्ही माना डोलावल्या.

शनिवारी मी बँक उघडायच्या आधी गेलो. माझी, बायकोची आणि सासूबाईंची ठेव मोडली. मॅनेजरांनी सही केली, कारण त्यांनीही तेच केलं होतं. नोटा जेवणाच्या डब्यात भरल्या. पोळीभाजी काढून कागदात गुंडाळली आणि टेबलाच्या खणात टाकली. डबा पायाशी ठेवला. भाजीचं तेल नोटांना लागलं होतं, नंतर कितीतरी दिवस त्यांना लसणीचा वास येत होता. त्या नोटा आम्ही खर्चल्या. मुलीच्या शाळेला, घराच्या रंगाला.

साडेदहाला शालनबाई आल्या. गावात कुजबुज सुरू झालीच होती. त्या खिडकीशी वाकल्या.

‘‘दत्ताभाऊ, खरं सांगा. बँक बुडतीया म्हणत्यात. माझं काय न्हाई, मला पेन्शन हाय. पर आळीतल्या बाया इचारत्यात. काढून घिऊ का त्येंचं?’’

मी काय करू शकलो असतो? खूप काही. नुसती मान हलवली असती तरी त्यांना कळलं असतं. शब्दसुद्धा बाहेर गेला नसता. पण त्या सगळ्याजणी पैसे काढायला आल्या तर दुपारच्या आत गल्ला रिकामा होणार, बोभाटा होणार, आणि सकाळी कुणी काय काढलं हे कुणीतरी बघणार — असा विचार मी केला. होय, केला. घाबरून बोलून गेलो असं नाही. विचार करून बोललो.

‘‘बाई, काहीतरीच काय! मुदतीआधी मोडून व्याज कशाला बुडवताय त्यांचं?’’

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘लेकीची आन घ्या.’’

मी घेतली. जी लेक त्यांनी ओढून काढली होती, तिचीच. पाय डब्याला लागत होता.

त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. गठ्ठा घेऊन त्या गेल्या आणि दारोदार फिरून त्यांनी बायकांना सांगितलं — मी विचारून आले, काही होत नाही.

सोमवारी दारावर कागद लागला. व्यवहार बंद.

तुम्हाला वाटेल, हीच ती गोष्ट. मीही बरीच वर्षं स्वतःला हीच गोष्ट सांगत आलो. खोटी शपथ — वाईटच, पण भीतीपोटी माणूस करतो, असं म्हणून पुढं जाता येतं. पुढचं मात्र कुणी करायला लावलं नव्हतं.

मंगळवारी त्या बायका बँकेवर आल्या, शालनबाईंना मध्ये घालून. मालन नावाची भाजीवाली पुढं होती. मुलीचं लग्न ठरलेलं. ती बाईंचा दंड धरून हलवत होती. ‘‘कोण म्हणलं व्हतं तुमाला, काय न्हाई हुत म्हनून? नाव घ्या! आत्ताच्या आत्ता नाव घ्या!’’

बाईंनी बंद दाराच्या जाळीतून माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. मी बोलेन म्हणून वाट बघत होत्या. एवढंच.

मॅनेजर पायरीवर आले आणि आम्हा सगळ्यांना मोठ्यानं विचारलं, ‘‘आपल्यापैकी कुणी यांना काही आश्वासन दिलं होतं का?’’

गप्प बसता आलं असतं. ‘नाही’ म्हणून थांबताही आलं असतं. मी थांबलो नाही. मी म्हणालो, ‘‘नाही साहेब. बाईंना ठेवींवर बाहेरून काही कमिशन मिळत असेल तर मला ठाऊक नाही.’’

हे माझ्या तोंडून आलं. कुणी शिकवलं नव्हतं, कुणी सुचवलं नव्हतं. कमिशन हा शब्द मी तिथल्या तिथे तयार केला, आणि तो किती चोख बसला हे मला लगेच दिसलं.  मग मालननं पायातली चप्पल काढली.

एकच बसली. गालावर. बाईंनी हात वर केला नाही. माझं नावही घेतलं नाही. घेतलं असतं तरी आता कुणाला पटलं असतं? मी ती वाटच बंद करून टाकली होती. मी जाळीच्या आत उभा होतो आणि मला — सांगायला जीभ धजत नाही, पण खरं तेच — मला सुटल्यासारखं वाटलं.

पुढं आमची बँक एका मोठ्या बँकेत गेली. ठेवी परत मिळाल्या, दोन-तीन वर्षांनी, हप्त्याहप्त्यानं. मालनच्या मुलीचं ठरलेलं लग्न तोवर मोडलं होतं. माझी नोकरी टिकली. सांगलीला बदली झाली, बढतीही मिळाली. लोकांचे पैसे आले, पण तो शब्द गावातून गेला नाही. ‘कमिशनवाली बाई’. बाळंतपणाला त्यांना बोलावणं बंद झालं. संक्रांतीला तिळगूळ वाटताना आळीतल्या पोरी त्यांचं घर ओलांडून पुढं जायच्या. शेवटी कोरेगावचं घर विकून त्या कवठे महांकाळला भाचीकडे गेल्या. हे मला बायकोनं सांगितलं. हळहळत म्हणाली, ‘‘इतकी चांगली बाई, पैशापायी अशी कशी वागली असेल?’’ मी म्हणालो, ‘‘माणसाचं काही सांगता येत नाही.’’

असं म्हणालो मी. जेवताना.

त्यानंतर एकदाच दिसल्या. सांगलीच्या एसटी स्टँडवर, दुपारी. डोळ्याला हिरवी पट्टी, दवाखान्यातून आल्या असाव्यात. मी बाकावर बसलो आणि मग कळलं की शेजारी कोण आहे. त्यांनी एका डोळ्यानं मला ओळखलं. जरा सरकून जागा दिली.

‘‘लेक कितवीला हाय?’’

‘‘आठवीला.’’

‘‘पाय दुखत न्हाईत ना तिचं?’’

मी नाही म्हणालो.  सांगायचं ते तिथं सांगता आलं असतं. आजूबाजूला ओळखीचं कुणी नव्हतं. तेवढ्यात समोर गाडी लागली आणि ‘माझी आली’ म्हणून मी उठलो. ती मिरजेची गाडी होती. मला मिरजेला जायचं नव्हतं.

खिडकीपाशी बसलो. गाडी सुरू होत होती तेव्हा खालून काचेवर टकटक झाली. शालनबाई माझी छत्री वर करून उभ्या होत्या.

‘‘दत्ताभाऊ, इसरलात.’’

मी हात बाहेर काढून छत्री घेतली.  मिरजेला उतरलो आणि परतीच्या गाडीच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.