वीतभर उंचीवरच्या खिडक्या

बदलापूर गावातली वेदपाठशाळा एकोणिसाव्या शतकात बांधलेली. काळ्या दगडाचे जोते, त्यावर सागवानी खांब, खांबांवर तुळया, वर कौले. सगळा भार लाकडावर. मातीच्या भिंती नुसता आडोसा. खिडक्या मात्र आतल्या जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर. मुले मांडी घालून संथा म्हणत, म्हणून वारा आणि उजेड तेवढ्याच उंचीवर आणला होता. उभा माणूस बांधणाऱ्याने हिशेबात धरलाच नव्हता.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला खरवईकडे नव्या इमारती उठू लागल्या आणि पाठशाळेच्या विश्वस्तांनाही आरसीसी हवीशी झाली. मी तेव्हा एका दैनिकाचा स्थानिक वार्ताहर होतो. अंबरनाथच्या कारखान्यात सुपरवायझर असलेले एक विश्वस्त मला आत खिडकीशी घेऊन गेले.

"बघा साहेब, बिल्डिंग किती खचलीय. खिडकी जमिनीला टेकली!"

तिथेच राहून शिकवणारे गुरुजी ओटीवरून म्हणाले, "खचली असती तर जोतं वर राहिलं असतं का? पायऱ्या मोजा. पाचच्या पाच आहेत." मग माझ्याकडे वळून, "अहो, बाकी काही छापू नका. एवढं छापा."

पायऱ्या मोजल्या. खांबांना ओळंबा लावला. सरळ होते.

बातमी लिहिली. आधी नव्या इमारतीची योजना, मग विश्वस्तांचे म्हणणे, शेवटी खिडक्यांचे कारण आणि पायऱ्यांचा पुरावा. जागा कमी पडली की डेस्कवर बातमी शेवटाकडून कापतात, हे मला पहिल्याच आठवड्यात शिकवले होते. इतरांच्या बातम्या मीही तशाच कापल्या होत्या. सकाळच्या अंकात बातमी 'खिडक्या जमिनीला टेकल्याचे विश्वस्तांनी दाखवले' या वाक्यावर संपत होती.

मी खुलासा पाठवला. "खिडकीवर कसला खुलासा?" उपसंपादक फोनवर म्हणाला. "तुमच्याकडे पाणी येत नाही ना? त्यावर दे."

इमारत पाडण्याच्या अर्जाला त्या बातमीचे कात्रण जोडले गेले. मी त्या सुपरवायझर विश्वस्तांना गाठले. ते हसले. "तुमच्याच पेपरात आलंय ना? मग आता कशाला टेन्शन घेता?"

परवानगी मिळाली. खांबांना कुठेही कीड नव्हती. उल्हासनगरच्या फर्निचरवाल्यांनी ते बघताच उचलले.

नवी इमारत झाल्यावर एका शुक्रवारी गेलो. वीज गेली होती. खिडक्या छातीच्या उंचीवर, शाळेत असतात तशा. मुले नेहमीसारखीच खाली बसली होती. घामाने सदरे पाठीला चिकटले होते. बसल्या जागेवरून बाहेरचे काही दिसत नव्हते.

गुरुजी उपरण्याने वारा घेत म्हणाले, "पायऱ्यांचं तुम्ही लिहिलंच नाही."

लिहिले होते, शेवटी होते, ते कापले, असे मी सांगितले. डेस्कची पद्धतही समजावली.

त्यांनी नीट ऐकून घेतले.

"पद्धत तुम्हाला ठाऊक होती ना? मग शेवटी कशाला लिहिलंत?"