गव्हाणीजवळचा बैल

निजामाच्या राज्यातली गोष्ट. माझं पहिलं बाळंतपण अडलं, तेव्हा राजूरजवळच्या आमच्या गावातून मला बैलगाडीत घालून जालन्याला मिशनच्या दवाखान्यात आणलं. मी वाचले, मूल मेलेलंच निघालं. मी शुद्धीवर येईपर्यंत माझे मालक त्याला फडक्यात गुंडाळून घेऊन गेले होते. मुलगा की मुलगी, कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मग कापूस वेचणीला आला म्हणून मालक गावी परतले. अंगात ताप होता, म्हणून मी तिथंच राहिले, एकटी.

खाटेसमोर भिंतीवर एक रंगीत चित्र होतं. गव्हाणीत तान्हं बाळ, शेजारी त्याची आई आणि बाळाच्या तोंडापाशी वाकलेला बैल. इतर बायकांना भेटायला माणसं यायची, घरचं जेवण यायचं. मी त्या बैलाकडं बघत पडून राहायची. तिथं माझ्या ओळखीचं तेवढंच होतं.

वॉर्डातली नर्स आमच्याच भागातली, ख्रिस्ती झालेल्या घरातली. एका दुपारी मी तिला विचारलं, "बाई, त्या लेकराजवळ बैल कशाला?"

"कुठं जागा भेटली न्हाई, म्हणून ते गोठ्यात जन्मलं," ती पट्ट्या गुंडाळत म्हणाली. "थंडी होती. बैलानं श्वासाची ऊब दिली म्हणतात. अन् दुसरं बी हाय. पूर्वी देवापुढं बैलाचा बळी देत. हे लेकरू मोठं होऊन सोताच बळी गेलं. म्हणून त्याच्याजवळ बैल काढतात."

"मंग त्याच्या आईला ठावं होतं का?"

तिनं पट्टी खाली ठेवली. "तवा न्हाई. चितारणाऱ्याला ठावं होतं."

मी पदर तोंडावर ओढून घेतला. ती उठून गेली नाही.

नाताळ आला. वॉर्डातल्या टेबलावर त्यांनी गवताची गव्हाण मांडली. तिथला मातीचा बैल फुटला होता. "तुमाला येतो का करायला?" नर्सनं विचारलं. पोळ्याला मी दरसाल बैल करायची. तिनं काळी माती भिजवून आणली. मी वशिंड उभं केलं, गळ्याखालची पोळी सैल सोडली. हात चालत होते तोवर बरं वाटलं. बाळ अजून ठेवायचं होतं. रिकाम्या गव्हाणीकडं तोंड करून मी बैल ठेवला आणि मला रडू फुटलं. तिथं आल्यापासून पहिल्यांदाच.

नर्सनं गप्प केलं नाही. शेजारी बसून एवढंच म्हणाली, "धर्म बदलल्यापासून आमच्या घरी बी कुणी येत न्हाई."

ताप उतरल्यावर मालक न्यायला आले. जालना मागं पडलं तसं मी विचारलं, "लेकराला कुठं ठेवलं?"

बरंच पुढं गेल्यावर एका ओढ्याकाठी त्यांनी कासरा ओढला. बाभळीखाली दगड रचलेले होते.

"तू कवा इचारशील म्हणून वाट बघून राह्यलो," ते म्हणाले. "पोरगी होती. नाक तुझ्यावानी."

आम्ही खाली उतरून तिथं बसलो. मला पुढं मूल झालं नाही. घरात तिचा विषय कुणी काढला नाही. जालन्याच्या बाजाराला जाताना मात्र आम्ही दोघं त्या ओढ्यापाशी गाडी थांबवायचो.