मागच्या दाराची जांभळी कडी

दुपारचं जेवण अंगावर आलंय. वांग्याचं भरीत, भाकरी, वरून ताक. एवढं हाणून स्टाफरूमच्या खुर्चीत जागा राहणारा माणूस मला दाखवा, मी त्याचं रक्त तपासतो. समोर लॅपटॉप उघडा आहे, त्यावर तीन वाजताच्या लेक्चरची पहिली स्लाइड: ‘सूज’. पाय टेबलावर. डोक्यावर पंखा कुरकुरतोय. कुर्र, कुर्र. मग त्याचं कुरकुरणं हळूहळू फटकफटक व्हायला लागतं, आणि चपला व्हरांड्यातून माझ्याकडे येतायत.

“वाघचौरे, पाय खाली.”

पाय आपोआप खाली येतात. ताटके मॅडम. उंचीनं माझ्या खांद्याला लागतील न लागतील, अबोली साडी, वर पांढरा एप्रन, अंबाड्यात खोचलेली काचेवर लिहायची लाल पेन्सिल. गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. मी स्वतः खांदा दिलाय. म्हणजे त्यांनी इथं येणं तसं नियमात बसत नाही, पण त्यांना नियम सांगणार कोण?

“मॅडम, तुम्ही तर…”

“माहितीय मला. आज माझं लेक्चर तू घेतोयस म्हणे.”

इथंच माझी गोची आहे. याच कॉलेजात मॅडमनी मला मायक्रोबायॉलॉजी शिकवली, आणि आता पन्नाशीत तोच विषय मी शिकवतो. पण सूज का येते, पांढऱ्या पेशी जंतूंवर कशा धावून जातात, हे मॅडमचं लेक्चर म्हणजे वेगळंच काम होतं. पॅथॉलॉजीवाले आपला तास सोडून मागं येऊन उभे राहायचे. ते आता माझ्या गळ्यात. एचओडी म्हणालेत, “जमलं तर ठीक. नाहीतर पुढच्या वर्षापासून व्हिडिओ लावून टाकू.” म्हणजे मी आपटलो की मॅडमचं लेक्चर कायमचं बंद. आणि भिस्त कुणावर? परवाच एचओडींच्या साखरेच्या डब्यात मीठ भरलेल्या माणसावर.

“बघू,” मॅडम म्हणतात, आणि मायक्रोस्कोपवर वाकतात. मायक्रोस्कोप कुठून आला? टेबलच आता लॅबचं आहे, नळ टपकतोय, स्पिरिटचा दिवा पेटलाय, आणि मी एकोणीस वर्षांचा आहे. मिशी फुटल्यासारखी दिसतेय. मला एकदम आठवतं, ही स्लाइड मीच लावलीय. घरच्या दह्याची. मॅडमना म्हणायचं, पेशंटचं सॅम्पल आहे, मोठा आजार दिसतोय, आणि त्या काय भारी नाव घेतात ते बघायचं. मागं सगळी गँग तोंडात रुमाल कोंबून उभी आहे.

मॅडम बघतात. चाक जरासं फिरवतात. डोळा न काढता विचारतात, “पेशंटचं नाव काय?”

“गंगाराम, मॅडम.”

“गंगारामच्या आईला सांग, विरजण बदला. यीस्ट शिरलंय.”

गँग फुटते. मी पण फुटतो. अख्ख्या गावाला टोप्या घातल्या मी, पण या बाईला एकदासुद्धा जमलं नाही. आणि गंमत म्हणजे घरी जाऊन विचारलं तर आई म्हणाली होती, “अरे हो, आठ दिवस दही आंबूसच लागतंय. तुला कुणी सांगितलं?”

“हसून झालं असेल तर आता दुसरी,” मॅडम म्हणतात. दुसऱ्या काचेवर माझं आजचं लेक्चर आहे. ते काचेवर कसं मावलं विचारू नका, मावलंय. मॅडम बराच वेळ बघतात. नळ टपकायचा थांबतो.

“सगळं गुलाबी दिसतंय रे.”

सेकंड इयरला ही चूक प्रत्येक जण करतो. जंतूंवर आधी जांभळा रंग चढवायचा, आयोडीननं तो बसवायचा, मग स्पिरिटनं धुवायचं. ज्यांनी रंग धरला ते ग्रॅम पॉझिटिव्ह, सोडला ते ग्रॅम निगेटिव्ह, आणि सोडणाऱ्यांना शेवटी गुलाबी रंग. पण स्पिरिट जास्त वेळ ठेवलं तर धरणाऱ्यांचाही रंग निघून जातो. मग सगळेच गुलाबी, आणि पोरगं छाती काढून चुकीचं उत्तर सांगतं.

“किती धुतलंस?”

“मॅडम, तुमचं लेक्चर म्हटल्यावर… चेष्टामस्करी सगळी काढली. गोष्टी काढल्या. एकदम सभ्य केलं.”

“मग राहिलं काय?”

“व्याख्या राहिल्यात.”

“त्या पुस्तकात आहेत. तुला कशाला बोलावलंय?”

“तुम्हीच घ्या ना मॅडम आज. मी मागं बसतो.”

“तू? मागं? बसतोस?” मॅडम चष्म्यावरून बघतात. “एकदा तरी बसलायस का?”

मी उत्तर देईपर्यंत जुन्या लेक्चर हॉलच्या भिंतीला पाठ लावून उभा आहे. बाकं उतरत उतरत खाली गेलीत, आणि पार तळाशी फळ्याजवळ मॅडम, खडूएवढ्या दिसतायत. मागचं दार माझ्यापासून जरासंच लांब आहे. मी सरकायला लागतो. भिंत गरम लागतेय, आणि मऊ. आतून धपधप ठोके येतायत.

“आता सगळ्यांनी मागं बघा,” मॅडमचा आवाज येतो. “ही रक्तवाहिनी. आणि तो वाघचौरे, ती पांढरी पेशी. बघा, आधी भिंतीला घासत घासत लोळतेय. लोळली? आता चिकटेल.”

मी खरंच चिकटतो. हॉल खदखदून हसतोय.

“आता फट शोधेल. अंग चोरेल. एवढा मोठा गडी एवढ्याशा फटीतून कसा जातो ते लिहून घ्या, परीक्षेत येतं. आणि जातो कशासाठी? कुठून काय वास येतोय?”

“वडे!” अख्खा हॉल ओरडतो. बाहेर कॅन्टीनला वडे तळले जातायत.

“बरोबर. जिथं जखम, तिथून असाच सांगावा सुटतो, आणि पेशी त्या वासावर निघते. तिला पत्ता सांगावा लागत नाही. वाघचौरेला सांगावा लागतो का?”

दारापाशी पोचलेला मी वळून ओरडतो, “मॅडम, रोज बघायचात, मग कधी अडवलं का नाही?”

“अडवलं असतं तर शिकवलं काय असतं?” त्या हसतात. आता त्या तळाशी नाहीत, शेजारीच उभ्या आहेत, आणि त्यांच्या एप्रनला वड्यांचा वास येतोय. “या दाराला कुलूप लागू नये म्हणून मी प्रिन्सिपॉलशी भांडलेय. माझं अर्धं लेक्चर तू होतास, गाढवा. जा आता. वडे गार होतायत.”

मला काहीतरी मोठं बोलायचंय. थँक्यू वगैरे. तोंडातून निघतं, “मॅडम, तुमच्यासाठी आणू?”

“चटणी जास्त घाल म्हणावं.”

मी कडीला हात घालतो. कडी ओली लागते. हात घातल्यावर आठवतं, मॅडम रोज सकाळी त्या कडीला जांभळा रंग फासायच्या आणि कोण कोण पळालं ते कळायला दुपारी कॅन्टीनमध्ये येऊन नुसती बोटं बघायच्या.

“सर! ओ सर!”

पंखा. भरीत. लॅपटॉप झोपलाय. दारात आमचे डिपार्टमेंटचे शिपाई मामा, हातात किल्ल्यांचा जुडगा.

“पोरं बसलीत सर. एचओडींनी सांगितलंय, मागच्या दाराला कुलूप लावा, पोरं पळतात. लावू ना?”

मी डोळे चोळायला हात वर करतो आणि तसाच थांबतो. उजव्या हाताची बोटं जांभळी आहेत. आज प्रॅक्टिकल नाही. लॅब कालपासून बंद आहे, किल्ली मामांकडे आहे.

“मतदान करून आलात काय सर?” मामा विचारतात.

कपाटावरचा स्पिरिटचा बोळा घेऊन घासतो. चांगला घासतो. मग जास्तच घासतो. रंग जागचा हलत नाही.

लॅपटॉप मी मिटून ठेवतो.

“मामा, कुलूप राहू दे. दार सताड उघडं ठेवायचं नाही, नुसती कडी लावा. आणि लॅब उघडा जरा. ती जांभळी बाटली लागेल मला. आणि एक ब्रश.”

“आता ब्रश कशाला?”

“कडी रंगवायचीय.”