प्रतीकात कोणी बुडत नाही

माझी पहिली कादंबरी मुलांसाठी होती, बारा-पंधरा वर्षांच्या. साठ साल उलटून गेलं होतं. मी पनवेलच्या शाळेत शिकवत होते आणि खाडीकाठच्या आमच्या गावातून रोज चालत जात-येत होते. कादंबरीत पुढच्या काळातलं एक शहर होतं. भोवती भलीमोठी भिंत, आणि भिंतीपलीकडे समुद्र आहे हे कुणी बोलायचं नाही. समुद्र हा शब्द तोंडातून निघाला की शिक्षा. दोन पोरं तो समुद्र शोधून काढतात, अशी गोष्ट.

मुंबईचे एक प्रकाशक ती छापायला तयार झाले. आधी दोघांनी परत केली होती, त्यामुळे मी हवेतच होते. पण हे गृहस्थ शेवटावर अडून बसले. माझी पोरं शेवटी त्या भिंतीत उघाडी बसवतात. आमच्या खारजमिनीच्या बांधाला असते तशी लाकडी झडप. ओहोटीला ती आतलं पाणी बाहेर सोडते आणि भरती आली की पाण्याच्याच रेट्याने बंद होते.

"दार कसलं बसवताय? भिंत पाडा!" ते म्हणाले. "समुद्र आत येऊ दे. समुद्र म्हणजे स्वातंत्र्य, पोरांना हे कळलं पाहिजे."

"अहो, पण शहर बुडेल की."

"बाई, ते प्रतीक आहे. प्रतीकात कोणी बुडत नाही."

माझं डोकंच फिरलं. खाऱ्या पाण्याशी भांडून भात पिकवणाऱ्या घरात जन्मले मी. लहानपणी एकदा बांध फुटला, तर पुढचे तीन पावसाळे आमच्या शेतात गवतसुद्धा धड उगवलं नाही. आई दुसऱ्यांच्या मिठागरावर डोक्यावरून मीठ वाहायची. आणि मी लिहू, की समुद्र आला आणि पोरं नाचली? पण तोंडावर नाही म्हणायची छाती नव्हती, कारण शेवट बदला नाहीतर बाड घेऊन जा, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. मी म्हटलं, एकदा येऊन आमची उघाडी तरी बघा, मग काय ते ठरवा.

आले बिचारे. पिठोरी अमावस्येला, पांढरंशुभ्र धोतर नेसून, हातात छत्री घेऊन. भर दुपारी, उधाणाची भरती चढत असताना मी आणि बाबा त्यांना बांधावर घेऊन गेलो. एका अंगाला हिरवंगार भात, दुसऱ्या अंगाला खाडी, आणि खाडीचं पाणी भातापेक्षा वर. ते म्हणाले, "वा! काय भव्य दृश्य आहे हो!" म्हटलं, झालं, गेली माझी कादंबरी.

इतक्यात पुढून हाक आली, "खांड पडली! धावा!" खेकड्यांनी पोखरलेल्या जागी बांध फुटून वाहून चालला होता. बघता बघता गाव गोळा झालं. खांड पडली की आमच्यात कोण कुठला ते बघत नाहीत. बांधावर जो असेल तो रांगेत. चिखल आणि पेंढा हातोहात पुढे जायला लागला. शेजारच्या काकीने प्रकाशकांच्या हातात चिखलाचा एक भला गोळा कोंबला. ते तसेच उभे.

"अरं म्हाताऱ्या, बघतोस काय? दे फुडं!" काकी ओरडली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

बाबा म्हणाले, "शेट, तुमी व्हा मागं. पाय घसरंल."

पण ते काही हटले नाहीत. छत्री कुठे गेली ती गेलीच. त्यांनी धोतर वर खोचून काचा मारला आणि गोळे पुढे द्यायला लागले. खारं पाणी पहिल्या खाचरात शिरलं तेव्हा तर तेच सगळ्यांत जोरात किंचाळले, "अरे, आत आलं! आत आलं! लवकर!" त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. खांड एकदाची बुजली, पाणी उतरायला लागलं आणि बाबा म्हणाले, "भागलं." मी मटकन चिखलात बसले आणि ढसाढसा रडले. एक खाचर गेलं होतं, बाकीचं भात वाचलं होतं.

आईने पाहुण्यांना आंघोळीला कढत पाणी दिलं, बाबांचं ठेवणीतलं धोतर दिलं, आग्रह करकरून जेवू घातलं. ते जेवले, पण कादंबरीबद्दल अवाक्षर नाही. मलाही विचारायचा धीर होईना. पनवेलच्या स्टँडवर मी त्यांना सोडायला गेले. एसटीच्या पायरीवर पाय ठेवून ते मागे वळले.

"बाई, रात्री परत भरती आहे म्हणे?"

"आहे."

"टिकेल ना हो तो बांध?"

"टिकेल की," मी म्हटलं. "बाबा बसणार आहेत राखणीला."

"हां. मग ठीक," ते म्हणाले आणि आत जाऊन बसले. गाडी हलली, तशी मी "सुटले गं बाई!" म्हणत बाकावर टेकले आणि एकटीच हसत राहिले. शेवटाचा विषय पुन्हा कधी निघालाच नाही. कादंबरी उघाडीसकट छापली गेली.