माईकवर लावून ठेवलेला रिसीव्हर

आमच्या घरात कुणीच हळू बोलत नसे. आई-बाबा दोघंही उमरेडच्या विणकर घरांतले, हातमागाच्या खटखटीत वाढलेले. मागावर बसलेल्या माणसाला जेवायला बोलवायचं तर ओरडावंच लागतं, आणि एकदा तसं ओरडायची सवय झाली की ती जन्मभर जात नाही. पुढे बाबा खापरखेड्याच्या वीज केंद्रात टर्बाइनवर लागले. तिथल्या आवाजापुढे हातमाग म्हणजे काहीच नव्हता. केंद्राच्या कॉलनीत सगळ्यांचेच वडील तसल्या आवाजातून घरी यायचे, त्यामुळे शेजारी आज कशाची भाजी आहे हे आम्हाला भिंतीपलीकडून कळायचं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. मी लग्न होऊन सासरी गेले तेव्हा सासूबाईंना वाटलं, ही मुलगी सारखी भांडते. मी फक्त मीठ मागत होते.

अशा घरात गप्प राहण्याचा अर्थ एकच असतो. आई चिडली की बोलणं बंद करायची. बाबा चिडले की काही विचारलं तरी उत्तर द्यायचे नाहीत. भांडण मिटल्याची खूण म्हणजे पुन्हा सुरू झालेला आरडाओरडा. तो ऐकू आला की आम्ही मुलं निवांत अभ्यासाला बसायचो.

निवृत्तीनंतर बाबांनी कोराडी रोडला लहानसं घर बांधलं आणि हौसेनं होम थिएटरचा रिसीव्हर, म्हणजे स्पीकर वाजवणारं यंत्र, आणला. टॉवर स्पीकर नंतर बघू म्हणाले. "मशीन पयले, लोड मंग," हा त्यांचा वीज केंद्रातला नियम; इथं स्पीकर म्हणजे लोड. तोवर जुन्या म्युझिक सिस्टीमचे दोन स्पीकरचे डबे त्याला जोडून ठेवले होते. टीव्हीच्या दोन्ही बाजूंना टॉवरची जागा मात्र मोकळी सोडलेली. आईला तिथं कुंडीसुद्धा ठेवू देत नसत.

मग आईच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन करायचं की नाही यावर ती बरेच दिवस अडून बसली. तिला भीती वाटत होती. बाबांनीच हट्ट धरला आणि करवून घेतलं. गाठ काढली, पण आवाजाची नस दुखावली. डॉक्टर म्हणाले, आवाज येईल हळूहळू, किंवा नाहीही येणार. तो आला नाही. आईच्या तोंडून शब्द निघायचे, पण नुसती हवा यावी तसे. अगदी जवळ बसलं की मला सगळं कळायचं. ती तेच बोलत होती जे आधी बोलायची, म्हणजे दूधवाल्यापासून माझ्या वाढलेल्या वजनापर्यंत सगळं.

मी दर रविवारी जायची. हळूहळू माझ्या लक्षात आलं की घरात बोलणंच संपलंय. बाबा टीव्हीसमोर, आई स्वयंपाकघरात. एकदा भाजी निवडताना आई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "तुहे बाबा माह्याशी बोलत नाई. आपरेशन झाल्यापासून रागात हायेत."

मी बाहेर जाऊन बाबांना विचारलं, असं काय करताय म्हणून. ते म्हणाले, "मले काय इचारतं? तिलेच इचार."

मला दोघांचाही राग आला. या वयात, एवढ्या आजारपणानंतर, अबोला कसला धरता? पण आमच्या घरातली मी, मलाही गप्प बसण्याचा दुसरा अर्थ माहीत नव्हता.

बाबांचं दुसरं गाऱ्हाणं टीव्हीबद्दल होतं. "टीव्हीतले लोकं तोंडातल्या तोंडात बोलून राहिले," असं ते रोज म्हणायचे. मी एकदा हळूच सुचवलं की कान दाखवून येऊ. ते असे संतापले की विचारू नका. त्यांची सगळी नोकरी कानावर झाली होती. मशीनच्या बेअरिंगवर लोखंडी दांडी टेकवायची, दुसरं टोक कानाला लावायचं आणि आत काय चाललंय ते सांगायचं. "या कानानं मी मशीन सांभाळली. दोष डब्ब्यायचा हाये. आता टॉवरच आणू." मी म्हटलं, आणू या. निदान एका गाऱ्हाण्यावर तरी काही करता येईल.

मग आठवडाभर मी इंटरनेटवर डोकं घातलं. रिसीव्हरच्या पाठीवर लिहिलं होतं, सहा ओहमच्या खालचा स्पीकर लावू नये. ओहम जितके कमी तितका स्पीकर जास्त करंट ओढतो आणि बिचाऱ्या रिसीव्हरला धाप लागते. दुसरा आकडा सेन्सिटिव्हिटीचा. तो जास्त असला की थोड्या ताकदीतही स्पीकर मोठ्यानं बोलतो. वॉटचे मोठमोठे आकडे मात्र बहुतेक जाहिरातीपुरतेच असतात. हे सगळं मी बाबांना ओरडून समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं की नुसती मान हलवली, देव जाणे.

जरीपटक्यात एक दुकान होतं जिथं ऐकून बघायला मागे वेगळी खोली आहे असं कळलं. बाबा म्हणाले, आपला रिसीव्हर सोबत न्यायचा. दुकानातल्या मशीनवर वाजवून दाखवतील आणि घरी आणल्यावर भलतंच निघेल. जो लोड लावायचा तो आपल्याच मशीनवर लावून बघायचा. झालं, रिसीव्हर चादरीत बांधला. आईला घरी एकटं ठेवायचं मला जिवावर आलं म्हणून तिलाही घेतलं. ते गाठोडं मांडीवर घेऊन ती मागच्या सीटवर बसली. रस्ताभर दोघं दोन खिडक्यांतून बाहेर बघत होते.

दुकानदार भला माणूस होता. गाठोडं सोडताना हसला नाही. आत सोफा, गालिचा, भिंतीला जाड पडदे आणि माणसाच्या छातीएवढे टॉवर रांगेत उभे. बाबांचे डोळे सगळ्यांत थोराड जोडीवर गेले. मी मागे जाऊन बघितलं, चार ओहम. मी नको म्हणाले. बाबा म्हणाले, "मोठा हाये म्हणून मोठ्यानं बोलन." दुकानदार म्हणाला, "मॅडम, अंकल को सुनने तो दीजिए."

गाणं लावलं. बाबा आवाज वाढवत नेत होते आणि पुन्हा पुन्हा म्हणत होते, दबलेलंच हाये. मी कानात बोटं घातली होती. आई डोळे मिटून बसली होती. शेवटी रिसीव्हरनंच हात टेकले. कट्‌ असा आवाज झाला, ताण न पेलून तो आपोआप बंद पडला आणि खोलीत एकदम शांतता झाली. बाबा रिसीव्हरकडे बघत म्हणाले, "ट्रिप मारली." इतक्या वर्षांत त्यांच्या हातून मशीन क्वचितच ट्रिप झाली असेल. त्यांचा चेहरा पार उतरला.

मग दुकानदारानं दुसरी जोडी जोडली. आठ ओहम, सेन्सिटिव्हिटी चांगली, अंगानं बारीक. रिसीव्हरला ती सहज पेलली. एका बाईचा नुसता आवाज, वाद्यं जवळजवळ नाहीतच, असं काहीतरी त्यानं लावलं. मला त्या बाईनं घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येत होता. बाबा पुढे वाकून बसले होते. "शब्द नाई समजत," ते म्हणाले. या वेळी ते चिडून बोलले नाहीत. मला तेव्हा कळलं, पूर्ण कळलं, की दोष कानांचाच आहे. स्पीकर कुठलाही आणला असता तरी काही फरक पडणार नव्हता.

दुकानदारानं कराओकेची एक लहानशी पेटी रिसीव्हरला जोडली. "अंकल, गाने को छोड़िए. घर के आदमी की आवाज़ से टेस्ट कीजिए. पहचानी हुई आवाज़ जल्दी समझ में आती है." त्यानं माईक माझ्यापुढे धरला. का कोण जाणे, मी तो आईच्या हातात दिला.

आईनं मानेनंच नको म्हटलं. मग माईक ओठांना अगदी चिकटवला, जणू कुणाच्या कानात सांगतेय. दुकानदारानं बटण फिरवलं.

"आयकू येऊन राहिलं का?"

दोन्ही टॉवरमधून आईचा आवाज आला. मोडलेला, हवेनं भरलेला, पण खोलीभर. बाबांनी चमकून आधी स्पीकरकडे बघितलं आणि मग तिच्याकडे.

"येऊन राहिलं," ते म्हणाले. मग म्हणाले, "इतके दिवस काहून बोलली नाई माह्याशी?"

आईनं माईक खाली घेतला नाही. "मी त रोज बोलून राहिली. तुम्हीच जवाब नाई देल्ला."

"मले वाटलं, तू रागावली. आपरेशनचा हट्ट माहाच होता."

"मले वाटलं, तुम्ही रागावले. माहा असा आवाज तुम्हाले आवडत नसन म्हणून."

दुकानदार मोबाईल काढून त्यात बघू लागला. मी पडद्याकडे तोंड करून उभी राहिले. जन्मभर एकमेकांवर ओरडलेली ही दोन माणसं महिनोन्‌महिने एकाच घरात एकमेकांची माफी मागायची वाट बघत बसली होती आणि एकाचंही दुसऱ्यापर्यंत पोचत नव्हतं. मला रडू आलं. तिथंच, अनोळखी माणसाच्या दुकानात.

आम्ही ती बारीक जोडी घेतली. बाबांनी पेटी आणि माईकही मागून घेतला, आणि लांब वायर. टॉवर टीव्हीच्या दोन्ही बाजूंना उभे राहिले आणि माईकची वायर दाराच्या चौकटीवरून स्वयंपाकघरात गेली. ओट्याशेजारी खिळा ठोकून बाबांनी त्यावर माईक अडकवला. कान दाखवून मशीन घेऊ असं मी पुन्हा सुचवलं तर म्हणाले, "कायले पाहिजे आता?"

एक पुरा हिवाळा आमच्या घरात पुन्हा आरडाओरडा झाला. आई फोडणी घालता घालता माईकवर बोलायची आणि बाबा खुर्चीतून ओरडून उत्तर द्यायचे. जिऱ्याची तडतड, तिचा श्वास, तिचं कण्हणं, सगळं हॉलमध्ये यायचं. तुरीच्या शेंगा कितीला आणल्या, भाजीवाल्यानं तुम्हाला फसवलं, तुमची बहीण अशीच, हे सगळं गल्लीला कळायचं. समोरच्या काकू मला म्हणाल्या, "तुह्या आईचं लय आयकतो वं आम्ही आता." आईला सांगितलं तर ती माईकवरच हसली. ते हसणं टॉवरमधून कसं वाजलं ते मला अजून आठवतं. मी रविवारी फाटकाशी गाडी लावायची, तिचा आवाज कानावर पडायचा आणि कॉलनीतल्यासारखं निवांत वाटायचं.

उन्हाळ्याच्या तोंडाला गाठ परत आली. या वेळी ती गळ्यापुरती राहिली नाही. शेवटी शेवटी बाबा माईक पलंगापर्यंत घेऊन आले, वायर पुरेना म्हणून पलंगच दाराशी सरकवला. तिला बोलवेना झालं तेव्हा तो उशाशी पडलेला असायचा, चालूच. आवाज वाढवून हॉलमध्ये तिचा श्वास ऐकत बाबा बसून राहायचे. एके दुपारी तेच मला हाक मारत आत आले. टॉवरमधला श्वास थांबल्याचं त्यांना माझ्या आधी कळलं होतं.

दिवस झाले, पाहुणे गेले. बाबांनी माईक पुन्हा खिळ्याला अडकवला. काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की टीव्ही मुका चालतो. चित्र हलतं, आवाज नाही. मी रिसीव्हर बघितला तर तो माईकवरच लावून ठेवलेला. टीव्हीसाठी त्याचं एक बटण फिरवावं लागतं. मी हात पुढे केला तर बाबा म्हणाले, "राहू दे."

ज्या टीव्हीसाठी ते टॉवर आणले त्याचा आवाज त्यांतून मग कधीच आला नाही. कान देऊन ऐकलं तर बारीक हुं असा सूर येतो, आणि स्वयंपाकघरात नळ सुरू असला तर पाण्याचा. बाबांना यातलं काही ऐकू येत नाही. ते फक्त समोर बसतात.

गेल्या महिन्यातली गोष्ट. रविवारी मी पोळ्या करत होते. ताट वाढलं, हात पिठाचे होते, बाहेर जायचा कंटाळा केला. समोर माईक होता. मी तोंड जवळ नेलं आणि सहज म्हणाले, "जेवाले या."

आमच्या घरात जेवायला याच दोन शब्दांनी बोलावतात. आई पण तसंच म्हणायची.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. या वयात बाबांना इतक्या भरभर चालताना मी बघितलं नव्हतं. ते दारात आले, ओट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. चौकटीला हात टेकला.

"तू हायेस वं," ते म्हणाले.

मग पाटावर बसले आणि ताट पुढे ओढलं. मी त्यांना वरण वाढलं. आता मी माईकला हात लावत नाही. स्वयंपाक झाला की हातांचं पीठ धुते, बाहेर जाते आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवते.