कुत्रं आमचं नाही

चिखलीत गुलाबराव पडघानांच्या ओट्यावर पाच वर्षांपासून एक तांबडं कुत्रं झोपतं. कोणी विचारलं तर गुलाबराव लगेच सांगत, "कुत्रं आमचं नाही." थंडीत त्याच्या अंगावर गुलाबरावांचीच घोंगडी असे, पण तेवढ्यानं काय होतं?

या नाकारण्यामागे कारण होतं. चहाच्या टपरीवर त्यांनी एकदा कुत्र्याला स्वेटर घालणाऱ्या प्राध्यापकांची अशी काही टर उडवली होती, की ते बिचारे अजूनही टपरी टाळून लांबच्या रस्त्यानं जातात. आता टपरीवरची तीच मंडळी आपल्यावर टपून बसली आहेत, याची गुलाबरावांना खात्री होती. सेवानिवृत्त ग्रामसेवकाला अब्रू जपावी लागते. दुसरं जपायला उरतंच काय?

सकाळी ते ओट्यावर काठी आपटून ओरडत, "चालतं हो इथून!" कुत्रं टुणकन उठून फाटकाशी जाई आणि शेपूट हलवत थांबे. काठी निघाली म्हणजे स्वारी टपरीवर निघाली आणि तिथं बिस्किट मिळतं, एवढं त्याला कळत होतं. "मांगं मांगं येते, मी काय करू?" असं गुलाबराव बिस्किट मोडता मोडता लोकांना सांगत.

मग शेजारच्या इंद्रभानचं कुत्रं गोचीडतापानं गेलं. पैशांची जुळवाजुळव होईना, आज नेऊ, उद्या नेऊ करता करता दवाखाना राहूनच गेला. गुलाबरावांच्या पत्नी मंजुळाबाई तिथून डोळे पुसत घरी आल्या आणि त्यांनी पुण्याच्या लेकीला, प्रतीक्षाला फोन लावला. तिनं सांगितलं, कुत्र्याचाही विमा निघतो.

"कुत्र्याचा इमा!" गुलाबराव खो खो हसले. "अन् दूध किती देते म्हणून सांगू?"

गायी-म्हशींचे विमे त्यांनी नोकरीत पुष्कळ पाहिले होते. कानात बिल्ला ठोकायचा आणि जनावर मेलं की पैसे घ्यायचे. या तांबड्याच्या मरणाचे पैसे आपण हात पुढे करून घेतोय, हे डोळ्यांसमोर आलं आणि त्यांचं हसू आटलं. अलीकडे ते काठी आपटण्याआधी कुत्र्याचं पोट हलतंय ना, हे वाकून पाहत. हे अर्थात मंजुळाबाईंना माहीत नव्हतं, असं त्यांना वाटत होतं.

"मेल्यावर नाई देत," मंजुळाबाई म्हणाल्या. "जितं असतानाच देतात. दवाखान्यात न्यायले अडू नये म्हणून."

"मंग काढ तुले काढायचा तं. माहा काही संबंध नाही."

दोन दिवसांनी विमा कंपनीच्या पूनमचा व्हिडिओ कॉल आला. गुलाबराव ओट्याच्या दुसऱ्या टोकाला पेपर उघडून बसले. पेपर उलटा नव्हता, पण त्यातलं एक अक्षरही ते वाचत नव्हते.

"काकू, त्याला हाक मारा. जवळ आलेलं दिसू द्या," पूनम म्हणाली.

मंजुळाबाईंनी हाका मारल्या, भाकरी दाखवली. कुत्र्यानं एक डोळा उघडून मिटला.

"काकू, कुत्रं तुमचंच आहे ना?"

हा प्रश्न गुलाबरावांना झोंबला. पाच वर्षं ते स्वतः 'आमचं नाही' असंच सांगत आले होते, पण तीच शंका दुसऱ्याच्या तोंडून ऐकवेना. ते तरातरा उठले आणि कोपऱ्यातली काठी उचलून आपटली. "चालतं हो!" कुत्रं उडी मारून आलं आणि त्यांच्या पायांना अंग घासू लागलं.

पूनम हसली. "पटली ओळख. मालक म्हणून कोणाचं नाव लिहू?"

"लिहा. गुलाबराव पडघान." मग त्यांचा आवाज खाली आला. "याले काही झालं तं तुमी पाहसान. मले काही झालं तं याले टपरीवर कोण नेईन, याचं काही हाय का तुमच्यात?"

"नाही हो काका, तसं काही नसतं."

"मी नेईन," मंजुळाबाई म्हणाल्या. "पण ते तुमच्याच काठीनं उठते. तवा आधी बीपीची गोळी घ्या. सकाळपासून तशीच पडली हाय."

गुलाबरावांनी मुकाट्यानं गोळी गिळली. कुत्रं केव्हाच फाटकाशी जाऊन उभं होतं. काठी निघाली होती, म्हणजे टपरीवर जाणं आलंच. आणि तिथं कुणी विचारलं तर काय सांगायचं, ते आता विम्याच्या कागदावर लिहून गेलं होतं.