टॅटपर्टचा अनुभव

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात काम संपलं की माणसाला बेंचवर बसवतात. प्रत्यक्षात बाक वगैरे काही नसतो. चांगली चाकांची खुर्ची असते, कॅन्टीनही चालू असतं. फक्त सहा आठवड्यांत कंपनीतल्याच दुसऱ्या एखाद्या प्रोजेक्टने पसंत केलं नाही, तर खुर्ची राहते आणि तुम्ही जाता. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मी त्या खुर्चीत बसले होते. रोज सकाळी सदाशिव पेठेतून निघून कंपनीची बस पकडायची, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास रखडायचं आणि पोचून काहीही न करता बसायचं, हे मी मोठ्या नेमाने करत होते. काम असताना मी इतकी वेळेवर कधी गेले नव्हते.

चार आठवड्यांत तीन प्रोजेक्टनी मला बघितलं आणि नंतर कळवतो म्हणाले. लग्नाच्या वेळीसुद्धा मला एवढ्या जणांनी नाकारलं नव्हतं. मी घाबरले होते, पण ते घरी दाखवायचं नव्हतं, म्हणून रिझ्युमे नव्याने लिहायला बसले.

बाबांनी तो वाचायला मागितला. बाबा सरकारी कार्यालयात कारकून होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण कागद हातात आला की लाल पेन आपोआप खिशातून बाहेर येतं. त्यांनी चारही पानं सावकाश वाचली. नेतृत्व केलं असं सहा ठिकाणी लिहिलंय, ते कोणाचं, असं विचारलं. मी सांगितलं की आमच्याकडे अशीच पद्धत आहे, जो मीटिंगला हजर असतो तो नेतृत्व केलं म्हणून लिहितो. मग ते प्रोग्रॅमिंगच्या भाषांच्या यादीपाशी थांबले.

“या अकरा भाषा तुला येतात?”

“येत होत्या.”

“मग भूतकाळात लिही,” असं म्हणून ते पुढे खोडत गेले. जे मी स्वतःच्या हाताने केलं तेवढंच ठेवायचं, असा त्यांचा नियम होता. चार पानांचं अर्धं पान झालं. वर त्यांनी सहज विचारलं की यातलं आज चालू काय आहे. मी मनातल्या मनात हिशेब केला. एक काम ग्राहकाने मोडीत काढलं होतं, एक ॲप बंद पडलं होतं, एक तर कधी सुरूच झालं नव्हतं. एकवीस वर्षं काम करून दाखवायला काही नव्हतं. मला त्यांचा भयंकर राग आला. ते खरं बोलत होते म्हणून जास्तच आला. मी जुनी चार पानंच पाठवून दिली.

पाचव्या आठवड्यात एका परदेशी विमा कंपनीच्या प्रोजेक्टने बोलावलं. मुलाखत घेणारा तिशीतला, मूळचा सातारचा, वागायला नम्र होता. माझी चार पानं त्याने बाजूला ठेवली आणि एकच प्रश्न विचारला.

“टॅटपर्टवर काम केलंय का, मॅडम?”

हे नाव मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. अशा वेळी आमच्याकडे “थोडंफार” म्हणायची रीत आहे. पण डोक्यात ती लाल शाई होती. मी नाही म्हणाले, आणि ते काय असतं असंही विचारलं. त्याचा चेहरा पडला. मग त्याने समजावून सांगितलं की सगळ्या हप्त्यांचा हिशेब टॅटपर्टमधून जातो, नव्या माणसाला त्याचं दोन दिवसांचं ट्रेनिंग असतं, आणि त्याला कोणीही हात लावत नाही. बोलता बोलता त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, tatpurte.

मी कपाळाला हात लावला. तेरा वर्षांपूर्वी, ही विमा कंपनी दुसऱ्या नावाने चालायची तेव्हा, एका शुक्रवारी ह्याच हिशेबाचं गाडं अडलं होतं. वेळ मारून नेण्यापुरत्या चाळीस ओळी मी लिहिल्या होत्या. सोमवारी काढून टाकायच्या होत्या. कोणाचा गैरसमज होऊ नये म्हणून नावच तसं दिलं होतं. सोमवारी मला दुसऱ्या प्रोजेक्टवर हलवलं.

“अहो, हे तात्पुरते आहे,” मी म्हणाले.

“नाही मॅडम, परमनंट आहे. तेरा वर्षं चाललंय.”

“शब्द तात्पुरते आहे. मराठी. मी लिहिलंय ते.”

त्याने स्क्रीनकडे पाहिलं. त्याचे ओठ हलले. चार वर्षं रोज हा शब्द उच्चारणारा तो मराठी माणूस हळूहळू लाल झाला. हे टीममध्ये कोणाला सांगू नका, एवढीच त्याने विनंती केली. मी म्हटलं, आठवडाभर द्या, हे काढून नीट लिहून देते.

“काढायचं नाही,” तो घाईने म्हणाला. “सांभाळायचं.”

मग फॉर्म उघडला. टॅटपर्टचा अनुभव किमान तीन वर्षं हवा होता आणि त्याहून कमी आकडा तो फॉर्म घेत नव्हता. किती लिहू, असं त्याने विचारलं. मी खरं ते सांगितलं, एक शुक्रवार. त्याने थोडा विचार करून तेरा वर्षं लिहिली, आणि मी तो आकडा राहू दिला.

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. ते हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत.

“अजून चालतंय ना?” त्यांनी विचारलं.

चालतंय म्हटल्यावर त्यांनी ते अर्धं पान शोधून काढलं आणि शेवटी स्वतःच्या अक्षरात त्या चाळीस ओळींची एक ओळ वाढवली. मग पेनाचं टोपण लावत म्हणाले, “माझं पदही तात्पुरतंच होतं. दर वर्षी मुदतवाढीचा कागद यायचा. एकतीस वर्षं आला.”

हे मला ठाऊक नव्हतं. कागद उशिरा आला की घरात दोन दिवस कोणी मोठ्याने बोलत नसे, एवढंच आठवत होतं, आणि ते कशामुळे हे मी कधी विचारलं नव्हतं. मग मी सांगून टाकलं की मलाही त्या प्रोजेक्टने सध्या सहा महिन्यांसाठीच घेतलंय.

“मिळेल मुदतवाढ,” बाबा म्हणाले. “फक्त कागद येईपर्यंत झोप लागत नाही.”